सापडले, तरी बटण दाबू नका

पावसाळ्यात हरवलेली वस्तू उन्हाळ्यात सापडते, हा सह्याद्रीचा जुना शिरस्ता आहे. गवत वाळते, झुडपे विरळ होतात, ओढ्यांचे तळ उघडे पडतात आणि वर्षभर कुणाच्या दृष्टीस न पडलेला चष्मा, किल्ल्यांचा जुडगा किंवा मोबाइल एखाद्या गुराख्याच्या काठीला लागतो. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे अशाच उपकरणांविषयी असल्याने हे संपूर्ण सदर त्यांना दिले आहे. पहिल्या पत्राला जागा बरीच लागली, कारण घाई होण्याचा संभव तिथे सर्वांत अधिक आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी जुलैमध्ये माझा मुलगा मित्रांबरोबर राजगडावर गेला होता. गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाज्याच्या वाटेवर फोटो काढत असताना पाय घसरला आणि हातातला छोटा डिजिटल कॅमेरा खालच्या झाडीत पडला. पाऊस आणि धुके यांमुळे तो शोधता आला नाही. यंदा मेच्या अखेरीस गावातल्या एका गुराख्याला तो सापडला आणि मुले ज्यांच्या घरी जेवली होती, त्यांनी आठवणीने फोन करून आम्हाला कळवले. कॅमेऱ्याची लेन्स बाहेर आलेल्या स्थितीतच अडकली आहे, खालच्या झाकणाच्या फटीत माती भरली आहे आणि पडद्याच्या काचेआड बुरशीचे जाळे दिसते. कॅमेऱ्याचे आम्हाला काही नाही; परंतु त्याच कार्डात सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आहेत आणि सासूबाई या जानेवारीत गेल्या. चार्जर घरात आहे. बॅटरी चार्ज करून कॅमेरा सुरू करून पाहावा का?
— एक वाचिका, सहकारनगर, पुणे

उत्तर : पाहू नये. बॅटरी चार्जरला लावू नका, ‘एकदा बघू तरी’ म्हणून बटण दाबू नका आणि ते कार्ड आहे तशा मातकट अवस्थेत काढून संगणकातही घालू नका. एवढे चिरंजीवांना आत्ताच वाचून दाखवा. पुढचे सावकाश वाचले तरी चालेल, कारण जे दहा महिने टिकले ते आणखी आठ दिवस सहज टिकेल.

उपकरण पाण्याने मरते असे आपण म्हणतो, पण नुसत्या पाण्याला ते काम फारसे जमत नाही. त्याला विजेची साथ लागते. कॅमेऱ्यातल्या सर्किट बोर्डावर तांब्याच्या रेषा एकमेकींपासून केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर असतात. त्यांच्यावर क्षार मिसळलेले पाणी साचले आणि त्याच वेळी बॅटरी जोडलेली असली, तर एका रेषेवरचे तांबे विरघळून दुसरीकडे जाऊन बसते, काही रेषा तुटतात आणि काही नको तिथे जोडल्या जातात. मोबाइल दुरुस्त करणारी मुले बोर्ड उघडून ‘कार्बन आलाय’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना दिसत असतात ते बहुधा या धातूंचे हिरवट-पांढरे क्षार. बॅटरीत जीव आहे तोवर ही क्रिया झपाट्याने चालते आणि बॅटरी उतरली की साध्या गंजाच्या संथ गतीवर येते.

लेन्स बाहेर राहिली आहे, हा आपल्या पत्रातला तपशील इथे बरेच काही सांगून जातो. पडला तेव्हा कॅमेरा चालू होता आणि मार लागल्यामुळे लेन्स आत जाऊ शकली नाही. म्हणजे भर पावसात काही काळ तो चालूच राहिला असणार, त्याच्या बोर्डाचे नुकसान पहिल्या दोन-चार दिवसांतच होऊन गेले असणार आणि बॅटरीही तेव्हाच उतरली असणार. उरलेले जवळजवळ दहा महिने तो कॅमेरा एका अर्थाने सुरक्षितच होता. आता त्याला पुन्हा अपाय करू शकेल अशी वस्तू म्हणजे आपल्या घरातला तो चार्जर.

बॅटरीचा विचार वेगळा करायला हवा. कॅमेऱ्यातली लिथियम-आयन बॅटरी ३.७ व्होल्टची म्हणून विकली जाते. ती साधारण २.५ व्होल्टच्या खाली जाऊन तशीच पडून राहिली, तर तिच्या आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. अशी बॅटरी पुन्हा चार्ज केल्यास तेच तांबे आत नको तिथे साचते आणि मधला पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट करू शकते. मग बॅटरी फुगते, तापते आणि प्रसंगी पेट घेते. अनेक चार्जर इतकी उतरलेली बॅटरी स्वीकारतच नाहीत. परंतु आपला चार्जर त्यांपैकी आहे की नाही, याची परीक्षा घरात घेण्याचे कारण नाही.

हा उपदेश मी स्वतः तीच चूक करून बसल्यावर करतो आहे, हे सांगितलेले बरे. माझ्या आत्याने भोरच्या घरी बसून म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मी एका छोट्या ध्वनिमुद्रकावर घेतल्या होत्या. तो ध्वनिमुद्रक हरवला आणि दोन पावसाळ्यांनंतर गच्चीवरच्या कुंड्या हलवताना, तुळशीच्या कुंडीखालच्या विटांच्या सांदीत सापडला. मी तो फडक्याने पुसला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि चार्जिंगला लावला. त्याचा लाल दिवा लागला, तेव्हा मी घरातल्यांना हाका मारून बोलावले. मंडळी जमेपर्यंत दिव्याची लाली मंद झाली होती आणि जळक्या बेकलाइटसारखा वास सुटला होता. पुढे ज्या कारागिराकडे तो नेला, त्याने भिंगाखाली बोर्ड धरून मला दाखवला. मेमरीच्या काळ्या चौकोनी चिपच्या कडेला मोहरीएवढा फुगवटा आला होता आणि शेजारच्या रेषा विस्तवावरून ओढलेल्या दोऱ्यासारख्या दिसत होत्या. ‘चार्जिंगला लावला नसता, तर चिप काढून वाचता आली असती,’ एवढेच तो म्हणाला. दोन पावसाळ्यांना जे जमले नव्हते, ते मी पाच मिनिटांत केले होते.

आपल्या बाबतीत सुदैवाची गोष्ट अशी की फोटो कॅमेऱ्याच्या बोर्डात नसून कार्डात आहेत. मेमरी कार्डात माहिती साठते ती विद्युतभाराच्या रूपाने, आणि हा भार सिलिकॉनमधल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतरोधक थरांच्या आड कोंडलेला असतो. तो तिथे भरायला किंवा तिथून काढायला चिपच्या आत सुमारे २० व्होल्टचा दाब निर्माण करावा लागतो. नुसते पाणी हे करू शकत नाही, आणि माहिती टिकवण्यासाठी कार्डाला बाहेरून वीजही लागत नाही. शिवाय चिप घट्ट राळेत ओतून बंद केलेली असते. तिला खरा त्रास होतो तो उष्णतेचा, कारण तापमान वाढले की कोंडलेला भार हळूहळू झिरपू लागतो. फार वेळा पुसून-लिहून झिजलेल्या कार्डात ही झिरप अधिक असते. कमी वापरलेल्या कार्डात माहिती सर्वसाधारणपणे १० वर्षे टिकते असे धरले जाते. कॅमेरा उघड्या कातळावर वैशाखाच्या उन्हात पडला असता तर मी थोडी काळजी केली असती. तो झाडीत, सावलीत पडला होता. डोंगरावरचे पावसाचे पाणीही त्यातल्या त्यात सौम्य, कारण त्यात क्षार फार थोडे असतात. हाच कॅमेरा समुद्रात पडला असता, तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याने धातूचे सगळे भाग खाऊन टाकले असते. शहरातून वाहणाऱ्या मुठेचे तर नावच काढायला नको.

आता प्रत्यक्ष काम. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर कॅमेरा ठेवा, फटीतली माती कोरड्या मऊ ब्रशने काढा आणि मग खालचे झाकण उघडा. बॅटरी आणि कार्ड बहुधा त्याच झाकणाखाली असतात. बॅटरी अलगद निघाली तर उत्तम. ती फुगून अडकली असेल, तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कारण भोक पडलेली लिथियम बॅटरी उतरलेली असली तरी तिचा भरवसा धरता येत नाही. कार्ड एरवी आत दाबले की स्प्रिंगने वर येते. इथे स्प्रिंग गंजलेली असण्याची शक्यता मोठी असल्याने ते वर आले नाही, तर भुवयांच्या चिमट्याने कड धरून सरळ रेषेत, न वाकवता ओढावे. झाकणच उघडत नसेल, तर कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा, मात्र ‘फक्त कार्ड काढून द्यावे, कॅमेरा सुरू करू नये’ अशी चिठ्ठी कॅमेऱ्याला बांधूनच तो द्यावा. आपण काउंटरवर सांगितलेली गोष्ट आतल्या टेबलापर्यंत पोहोचतेच असे नाही.

कार्ड हाती आल्यावर ते स्टीलच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन हळुवार धुवावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळते तेच हे पाणी. नळाचे पाणी वापरू नये, कारण ते सुकल्यावर मागे क्षार राहतात. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा धुतले की राहिलेले पाणी त्याच्याबरोबर निघून जाते. मोबाइलचे बोर्ड धुण्यासाठी कारागीर हेच द्रव्य वापरतात, त्याला ते ‘आयपीए’ म्हणतात, आणि बुधवार पेठेत तापकीर गल्लीत ते बाटलीने मिळते. ते चटकन पेटते, तेव्हा हा उद्योग स्वयंपाकघरात गॅसजवळ करू नये. कार्डाच्या मागे सोनेरी मुलाम्याच्या नऊ पट्ट्या दिसतील. त्या काळवंडल्या असतील, तर मऊ खोडरबर एकाच दिशेने दोन-तीनदा हलके फिरवावे. मुलामा अतिशय पातळ असल्यामुळे ब्लेड किंवा पॉलिश पेपर मुळीच लावू नये. मग कार्ड सावलीत, शक्य तर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, पुरते एक दिवस ठेवावे.

वाचण्यापूर्वी कार्डाच्या कडेची बारीक खिट्टी ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे संगणक त्यावर काही लिहिणार नाही. कार्ड जुन्या कॅमेऱ्यातून न वाचता कार्ड रीडरमधून वाचा. ‘कार्ड फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर घाबरू नका आणि होकारही देऊ नका. कॅमेरा पडताना एखादा फोटो लिहिला जात असेल, तर कार्डावरची अनुक्रमणिका बिघडते आणि संगणकाला सगळे कार्ड कोरे वाटते. फोटो मात्र जागेवरच असतात. अशा वेळी आधी संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत संगणकावर काढून घ्यावी आणि ‘फोटोरेक’सारख्या विनामूल्य प्रणालीने त्या प्रतीतून फोटो शोधावेत. सापडलेले फोटो कार्डावर परत न उतरवता दुसरीकडे ठेवावेत. संगणकाने कार्ड ओळखलेच नाही, तर आपला प्रयत्न तिथेच थांबवावा आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे जावे. तिथला खर्च बराच असतो. तो आधी लेखी घ्यावा, आणि काही मिळाले नाही तर किती आकारणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

धीर यावा म्हणून एक उदाहरण देतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान पृथ्वीवर परतताना दुभंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या यानावर झेनॉन वायूच्या गुणधर्मांविषयी एक प्रयोग चालू होता आणि त्याच्या नोंदींची हार्ड डिस्क पुढे काही महिन्यांनी टेक्सासमध्ये एका कोरड्या तलावाच्या पात्रात सापडली. ती जळून, वितळून ओळखू येऊ नये अशी झाली होती आणि आत धूळ गेली होती. तज्ज्ञांनी तिला वीज जोडली नाही. आतल्या तबकड्या काढल्या, स्वच्छ केल्या, दुसऱ्या चांगल्या यंत्रणेत बसवल्या आणि मगच वाचल्या. सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या कॅमेऱ्याने यापेक्षा पुष्कळच कमी सोसले आहे.

कॅमेरा मात्र गेला असे समजावे. लेन्समधली वाळू आणि बुरशी काढण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होईल. बॅटरी घंटागाडीत टाकू नये. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी आणि तोपर्यंत धातूच्या डब्यात, गॅलरीत ठेवावी. सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मिळाले की नाही, ते दोन ओळींत अवश्य कळवा.

प्रश्न : मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. जूनच्या सुरुवातीला खाणीच्या बाजूला दोन दगडांच्या सांदीत मला एक मोबाइल मिळाला. मागची काच तडकलेली होती, कव्हरमध्ये मुंग्यांनी घर केले होते. पुसून चार्ज केला, तर आश्चर्य म्हणजे तो सुरू झाला! पडद्याला लॉक आहे. मी त्यात माझे सिमकार्ड घालून पाहिले, पण ‘नेटवर्क नाही’ असे येते. भाचा म्हणतो की पाचशे रुपयांत लॉक काढून मिळेल. कित्येक महिने कोणी न्यायला आले नाही, तेव्हा मी तो ठेवून घेतला तर काही हरकत आहे का?
— एक वाचक, गोखलेनगर, पुणे

उत्तर : हरकत आहे, आणि सिमकार्ड घालून आपण ती थोडी वाढवली आहे.

आधी कायद्याचे पाहू. सापडलेली वस्तू सांभाळण्यासाठी किंवा मालकाला परत देण्यासाठी उचलणे हा गुन्हा नाही. परंतु मालक कोण हे माहीत असताना, किंवा शोधून काढण्याचे साधन हाताशी असताना, अथवा शोधाचा योग्य प्रयत्न करून पुरेसा काळ थांबण्याआधीच ती आपलीशी केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो अपहार ठरतो. शिक्षा किमान ६ महिने, कमाल २ वर्षे कैद आणि दंड. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७१ तर वस्तू सापडलेल्या माणसावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकते. ‘कोणी न्यायला आले नाही’ हा युक्तिवाद टिकणारा नाही, कारण न्यायला येणाऱ्याला ती सांदी ठाऊक असती, तर फोन हरवलाच नसता.

मालक शोधण्याचे साधन त्या फोनमध्येच आहे. बऱ्याच फोनांवर लॉक असतानाही आपत्कालीन कॉलच्या पाटीवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनची स्वतंत्र ओळख असलेला क्रमांक दिसतो. मोठ्या अक्षरांत ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या संचाची स्थिती कळते. मे २०२३ पासून दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर हरवलेला फोन देशभरात बंद करवून घेण्याची सोय आहे. त्यासाठी पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत लागते. आपल्याला ‘नेटवर्क नाही’ दिसले, त्याचे एक कारण आत शिरलेला गंज असू शकेल. पण मला अधिक शक्यता अशी वाटते की मालकाने तो संच या सोयीने बंद करवला आहे. बंद केलेल्या संचात कोणी नवे सिमकार्ड घातले, तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचावा, हाच या व्यवस्थेचा हेतू आहे. आपले सिमकार्ड आजच बाहेर काढा, फोन बंद करा आणि तो घेऊन जवळच्या पोलीस चौकीत जा. कुठे व कधी सापडला, हे लिहून द्या, सिमकार्ड घालून पाहिल्याचेही लपवू नका आणि पोच घ्या. मालकाला फोन परत मिळाला की तो स्वतः अर्ज करून फोन पुन्हा सुरू करवून घेतो.

लॉक काढण्याच्या पाचशे रुपयांविषयी. अलीकडच्या फोनांत आतली माहिती सांकेतिक रूपात असते आणि तिची किल्ली त्याच फोनच्या चिपशी व मालकाच्या संकेतांकाशी जोडलेली असते. पाचशे रुपयांत होते ते एवढेच, की आतले सगळे पुसून फोन कोरा केला जातो. कोणाच्या तरी घरचे फोटो आपल्या पैशाने पुसले जातील आणि फोन तरीही बंदच्या यादीत राहील.

तो जगला कसा, याचे कुतूहल आपल्या पत्रात जाणवते. फोनच्या पेटीवर ‘आयपी ६८’ असे काही लिहिलेले असते. त्यातला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. दुसरा अंक पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोलीत ३० मिनिटे, आणि ८ म्हणजे त्याहून कठीण, निर्मात्याने स्वतः ठरवलेली अट. या चाचण्या नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात होतात. तडकलेल्या काचेनंतर त्यांचा हवाला देता येत नाही. इथे फोनला वाचवले असेल ते जागेने. दगडांच्या सांदीत पाऊस लागतो, पण पाणी साचून राहत नाही. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. हाच फोन ताम्हिणीत पडला असता, तर त्याला याच्या कित्येक पट पाऊस झेलावा लागला असता आणि आपल्याला हे पत्र लिहिण्याची वेळ बहुधा आली नसती.

प्रश्न : भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला की सुकतो, हे कितपत खरे? आमच्याकडे दोनदा गुण आला आहे.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : गुण तांदळाचा नसून त्या दोन दिवसांत फोनला कोणी हात लावला नाही, याचा आहे. तोच फोन पंख्याखाली जाळीवर ठेवला असता, तरी तितकाच, किंबहुना लवकर सुकला असता. तांदूळ हवेतली ओल फार मंदपणे घेतो आणि त्याचा पिठूळ भुगा चार्जिंगच्या खाचेत बसतो तो निराळा. ॲपल कंपनीने २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना तांदळाचा उपाय करू नका असे स्पष्ट सांगितले, त्याचे कारण हेच. सिलिका जेल अधिक चांगले. रंग बदलणारे दाणे घेतले, तर ते ओल पिऊन भरले की नाही हेही कळते. पण पाणी मातकट किंवा खारे असेल, तर नुसते सुकवून उपयोग नाही, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तिथे बोर्ड धुऊनच घ्यावा लागतो. आंबेमोहोर आपल्या जागी ठेवावा.

प्रश्न : आम्ही काही निवृत्त मंडळी दर पंधरा दिवसांनी एक गड करतो. सॅकमध्ये शोधक टॅग ठेवला, तर हरवलेली वस्तू गडावर सापडेल का? की पैसे वाया?
— एक वाचक, बिबवेवाडी, पुणे

उत्तर : कोणता गड आणि कोणता वार, यावर ते अवलंबून आहे. ॲपलच्या एअरटॅगसारख्या टॅगमध्ये जीपीएस नसते. तो ब्लूटूथवर आपली खूण सोडत राहतो. जवळून जाणारा त्याच जातीचा एखादा फोन ती ऐकतो आणि स्वतःचे स्थान इंटरनेटवरून कळवतो. रविवारी सकाळी सिंहगडावर, भजी आणि पिठल्याच्या रांगेत इतके फोन असतात की टॅग कुठे आहे हे मिनिटामिनिटाला कळेल. राजगडाच्या संजीवनी माचीखालच्या उतारावर मंगळवारी दुपारी टॅग पडला, तर तो ऐकायला कोणीच नसते आणि फोन असला तरी त्याला रेंज नसते. नाण्याएवढ्या सेलवर एअरटॅग सुमारे वर्षभर चालतो आणि आयपी ६७ दर्जाचा असतो, त्यामुळे एखादा पावसाळा तो निभावून नेईल. पुढच्या मोसमात कोणी ट्रेकर तिथून गेला तर अचानक खबर येईलही. पैसे वाया नाहीत, पण टॅगच्या भरवशावर वस्तू सैल बांधू नये. कॅमेऱ्याला मनगटाची दोरी असते ती पेटीतच राहते, हा माझा जुना राग आहे.

टॅगबरोबरच आणखी दोन फुकटचे उपाय करून ठेवा. बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसल्या जाणाऱ्या पेनाने घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी फोन नंबर लिहा, कारण आपला फोनही त्याच सॅकमध्ये हरवलेला असू शकतो. आणि प्रत्येक रिकाम्या कार्डावरचा पहिला फोटो एका कोऱ्या कागदाचा घ्या, ज्यावर ठळक अक्षरांत ‘हा कॅमेरा सापडल्यास कळवावे’ आणि तोच नंबर लिहिलेला असेल. कार्ड फॉरमॅट केले की हा फोटोही जातो, तेव्हा तो कागद सॅकच्या वरच्या कप्प्यात कायमचा ठेवलेला बरा.